हायलंडचीं गुरें आणि कृष्णधवल छायाचित्र

गेल्या दिवाळीच्या सुमारास, ग्लासगो शहरीं नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या भाच्यानें बारा छायाचित्रांची एक गुंडाळी आमच्याकडे धाडली. बाराही चित्रें एकाच विषयाचीं आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील डोंगराळ मुलखास हायलंड म्हणतात. त्या मुलखांतील लांब केंसांचीं, लांब शिंगांचीं गुरें हा तो विषय. आणि बाराही चित्रें कृष्णधवल आहेत. सोबतच्या पत्रांत त्यानें लिहिलें होतें, 'मामा, तुम्ही परीक्षणें लिहितां. तेव्हां मामा म्हणून नव्हे, परीक्षक म्हणून काय तें सांगा.' आप्तांच्या कृतीवर मत देणें हें परीक्षकाच्या वांट्यास येणारें सर्वांत अवघड काम होय. दोन गोड शब्द लिहून मोकळें व्हावें असाच आमचा प्रथम विचार होता. परंतु चित्रें जसजशीं पाहूं लागलों तसतसें आमच्या ध्यानांत आलें कीं, प्रश्न एका तरुणाच्या हौसेपुरता नाहीं. एखाद्या वस्तूचा रंग काढून घेतला म्हणजे आपण तिच्याविषयीं अधिक खरें बोलतों कीं अधिक सोयीचें बोलतों, हा तो प्रश्न आहे. त्याचा विचार जाहीरपणें होण्यास हरकत नाहीं असें वाटल्यावरून, भाच्याच्या अनुमतीनें, हा लेख लिहीत आहों.

चित्रें प्रथम घरांतील मंडळींनीं पाहिलीं. मुलें तीं पाहून पोट धरधरून हंसलीं. वहिनींनीं विचारलें, 'एवढीं झुलपें डोळ्यांवर घेऊन हिला दिसतें तरी कसें?' जन्मभर शेती केलेले आमचे काका मात्र एकच चित्र बराच वेळ हातांत धरून बसले आणि मग म्हणाले, 'दूध किती देते?' आम्हीं पत्रांतील माहिती वाचून दाखविली. पूर्वीं लहान कुळांच्या घरचें दूधदुभतें याच गाईंचें असे. आज मात्र हीं गुरें मुख्यतः मांसासाठीं पाळलीं जातात. हें ऐकतांच बैठकींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. नंतर विषय बदलला.

ती क्षणभराची शांतता आमच्या मनांतून जाईना. मांसाहाराचें समर्थन किंवा निषेध करण्याचें हें स्थळ नव्हे. तिकडील शेतकरी आपल्या पद्धतीनें जगतो व त्यांत आपण न्यायाधीश होऊन बसण्याचें कारण नाहीं. परंतु बारा चित्रें पाहूनही जी गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नव्हती, ती पत्रांतील एका वाक्यानें सर्वांस कळली. मग चित्रांनीं आम्हांस नेमकें काय दाखविलें होतें?

हा प्राणी आमच्या बहुतेक वाचकांनीं प्रत्यक्ष पाहिलेला नसेल, म्हणून प्रथम त्याची थोडी ओळख करून देतों. या गुरांच्या अंगावर केंसांचे दोन थर असतात. आंतील थर मऊ लोकरीसारखा, व बाहेरील थर लांब, जाड आणि किंचित् तेलकट. पावसाचें पाणी या बाहेरच्या केंसांवरून निथळून जातें व आंतील थर कोरडा राहतो. या दुहेरी पांघरुणामुळें थंडीशीं झगडण्यासाठीं कातड्याखालीं चरबीचा जाड थर सांठविण्याची त्यांस फारशी गरज पडत नाहीं. डोळ्यांवर रुळणाऱ्या झुलपांस तिकडे 'डॉसन' म्हणतात. वारा, पाऊस व माशा यांपासून त्यांनीं डोळ्यांचें रक्षण होतें. गाईचीं शिंगें बहुधा वर वळलेलीं व लांब असतात, बैलाचीं जाड व पुढें झुकलेलीं असतात. कळपास तिकडे 'फोल्ड' म्हणजे वाडा म्हणतात. एकंदरींत, ज्या जमिनींत दुसरें जनावर तग धरणार नाहीं, अशा ओल्या, खडकाळ व निकस जमिनीवर वाढलेलें हें जनावर आहे.

आज या गुरांचें नांव काढतांच डोळ्यांपुढें तांबडा रंग येतो. पोस्टकार्डें, बिस्किटांचे डबे, चहाचे पेले, मुलांचीं खेळणीं, सर्वत्र तीच तांबूस गाय. वस्तुतः या जातींत काळा, पिवळसर, मातकट, ढवळा, रुपेरी व वाघासारख्या पट्ट्यांचा, असे अनेक रंग आहेत. या गुरांची संस्था १८८४ सालीं स्थापन झाली व दुसऱ्या वर्षीं वंशावळीची पहिली वही प्रसिद्ध झाली. त्या वेळीं त्यांचे दोन प्रकार मानीत: पश्चिमेच्या बेटांवरचीं लहान चणीचीं व बहुधा काळीं गुरें, ज्यांस 'काइलो' म्हणत, आणि मुख्य भूमीवरचीं थोर चणीचीं व बहुधा तांबूस गुरें. पुढें हा भेद मोडला व सर्व एकच जात ठरली. व्हिक्टोरिया राणीनें तांबड्या रंगाची आवड दर्शविल्यामुळें पाळणाऱ्यांनीं तोच रंग वाढविला अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा खरेपणा कसाही असो, तांबडा रंग आज जो एकटाच गादीवर बसला आहे तो सर्वस्वीं निसर्गानें बसविलेला नाहीं. त्यांत माणसांच्या आवडीचा, प्रदर्शनांतील बक्षिसांचा आणि प्रवाशांच्या बाजारपेठेचा वांटा आहे.

म्हणून रंग काढून टाकावा असें जेव्हां एखाद्या छायाचित्रकारास वाटतें, तेव्हां त्यास आम्ही लहर म्हणणार नाहीं. भाच्याचें म्हणणेंही हेंच आहे. तो लिहितो, 'तांबडा रंग दिसला कीं पाहणारा गाय पाहायचें सोडून पोस्टकार्ड पाहतो.' हा विचार योग्य आहे व त्याबद्दल आम्ही त्याची पाठ थोपटतों. रंग गेला म्हणजे केंसांची वीण, पाण्यानें चिकटलेल्या बटा, शिंगांवरील वळ्या, श्वासाची वाफ, ओल्या नाकावरची चमक, या गोष्टी पुढें येतात. केंस हाच ज्या प्राण्याचा मोठा विशेष, त्याला छायाप्रकाशाची भाषा रंगाच्या भाषेहून अधिक मानवते. येथवर आमचा त्याच्याशीं मतभेद नाहीं.

परंतु कृष्णधवल चित्र म्हणजे रंगीत चित्रांतून रंग वजा केला कीं उरणारी बाकी, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. तांबड्याचा करडा होतांना तो किती गडद व्हावा हें निसर्ग ठरवीत नाहीं. पूर्वीं तें काचेवरील रसायन ठरवी, आतां छायाचित्रकार ठरवितो. १८५१ नंतर प्रचारांत आलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचा निळा व जांभळा प्रकाश तेवढा ओळखीत. तांबड्यापुढें त्या जवळजवळ आंधळ्याच असत. त्यामुळें तांबडी गाय त्यांवर काळी उमटे. बर्लिनच्या हर्मान फोगेलनें १८७३ सालीं रंगद्रव्यें मिसळून काचांची दृष्टि हिरव्याकडे वाढविली; सर्व रंग ओळखणाऱ्या काचा इंग्लंडांत विक्रीस आल्या त्या १९०६ सालीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विशॉ गांवचा चार्ल्स रीड हा गुराढोरांच्या छायाचित्रांकरितां नांवाजलेला होता. त्या काळच्या अशा छायाचित्रांत जेथें जेथें गडद गाय दिसते, तेथें ती खरोखर काळी होती कीं तांबडी, हें नुसत्या चित्रावरून सांगतां येत नाहीं. म्हणजे ज्या काळांत काळीं गुरें मागें पडून तांबडीं पुढें येत होतीं, नेमक्या त्याच काळचा हा साक्षीदार त्या एका गोष्टीपुरता आंधळा होता.

आज हें आंधळेपण उरलें नाहीं. त्याच्या जागीं स्वातंत्र्य आलें आहे. भिंगापुढें तांबडी कांच धरली तर तांबडे केंस उजळतात, आकाश काळवंडतें व गवत गडद होतें. हिरवी कांच धरली तर गवत उजळतें व गाय काळी पडते. कोणतीच कांच न धरली तर ढगाळ दिवशीं तांबडी गाय व हिरवें गवत हीं दोन्हीं बहुधा एकाच करड्या रंगाचीं होतात, आणि गाय डोंगरांत विरघळून जाते. हल्लीं यंत्र चित्र रंगीतच टिपतें व हे फेरफार मागाहून संगणकावर, सावकाश, चहा पीत पीत करतां येतात. भाच्याच्या तिसऱ्या चित्रांतील गाय चांदीची घडविल्यासारखी दिसते. पत्रावरून कळतें कीं ती मुळांत तांबडी होती. या जातींत रुपेरी रंगाच्याही गाई असतात, हें वर सांगितलेंच आहे. मग पाहणाऱ्यानें काय समजावें? आम्ही असें म्हणत नाहीं कीं तांबडीस रुपेरी करणें हा गुन्हा आहे. चित्रकार यापेक्षां कितीतरी मोठे स्वातंत्र्य घेतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, करड्या रंगाची प्रत्येक छटा हा एक निर्णय आहे, आणि निर्णय घेणाऱ्यानें 'मी कांहीं केलें नाहीं, मीं फक्त रंग काढला' असें म्हणूं नये.

आतां चित्रांकडे वळूं. बारांपैकीं सात चित्रें केवळ मुखाचीं आहेत. कपाळावरील झुलपें, दोन बाजूंस पसरलेलीं शिंगें, ओलें नाक. मागील सर्व भूमि पुसून शुभ्र केलेली. हीं सातही चित्रें कसबानें काढलेलीं आहेत. काळ्या गाईचे केंस काढणें किती कठीण असतें हें ज्यानें एकदां प्रयत्न केला असेल त्यास ठाऊक आहे. यंत्राचें प्रकाशमापन काळ्यासही करडें समजतें व पांढऱ्यासही. त्यावर विसंबल्यास काळी गाय धुरकट होते व बर्फ मळकें होतें. भाच्यानें हा सांपळा चुकविला आहे. काळ्यांतही केंस वेगळे दिसतात, आणि पांढऱ्यांतही शिंगाची कड हरवत नाहीं. अशीं चित्रें आज विलायतेंत उपाहारगृहांतून व दिवाणखान्यांतून पुष्कळ टांगलेलीं असतात, व त्यांस गिऱ्हाईक आहे.

पण याच चित्रांसंबंधीं पत्रांत एक वाक्य आहे. 'कानांतले बिल्ले मात्र पुसून टाकावे लागले. पिवळे प्लास्टिकचे बिल्ले सगळी शोभा घालवतात.' ब्रिटनमध्यें गुरांच्या दोन्हीं कानांत ओळखीचा क्रमांक असलेले बिल्ले असणें कायद्यानें आवश्यक आहे. तें जनावर कोणत्या कळपांतलें व कितवें, हें त्या बिल्ल्यावरून समजतें. म्हणजे त्या गाईच्या जन्माचा, धन्याचा आणि शेवटाचाही धागा त्या बिल्ल्याशीं जोडलेला असतो. तो पुसला कीं काय उरतें? कोणाची नसलेली, कोठली नसलेली, कशासाठीं म्हणून नसलेली एक गाय. म्हणजेच पोस्टकार्डावरची गाय. तांबडा रंग काढून ज्या पोस्टकार्डापासून सुटका करून घ्यावयाची होती, तेंच पोस्टकार्ड येथें करड्या रंगांत परत आलें आहे. आमचे काका 'दूध किती देते' असें विचारीत होते तें उगाच नव्हे. जनावर म्हटलें कीं त्याचें माणसाशीं कांहीं देणें-घेणें असावयाचेंच, हें त्यांना ठाऊक होतें, आणि चित्रांत तें कोठें दिसेना.

पुढील चार चित्रांत गाय लहान व देखावा मोठा आहे. धुक्यानें भरलेलें खोरें, काळेभोर डोंगर, फाटलेलें आकाश, आणि मध्यें एकटीच उभी गाय. हीं चित्रें पाहून आमचे एक मित्र म्हणाले, 'काय हो हें एकांताचें गांभीर्य!' गांभीर्य आहे खरें; पण तें कोठून आलें याचा शोध घेतला पाहिजे. या मुलखाची ही उदास प्रतिमा छायाचित्रानें निर्माण केलेली नाहीं. एडविन लँडसीअरनें १८५१ सालीं डोंगरमाथ्यावरील सांबरशिंग्याचें आपलें प्रसिद्ध चित्र लोकांपुढें ठेवलें. फ्रान्सची रोझा बोनर १८५६ सालीं स्कॉटलंडांत येऊन गेली व तिनें तेथील गुरें रंगविलीं. राणीच्या पतीनें बॅल्मोरलची जागा १८५२ सालीं विकत घेतली, आणि धुकें, डोंगर व गुरें यांचीं चित्रें श्रीमंतांच्या घरोघरीं लागलीं. पुढें छायाचित्रकारांनीं तीच चौकट घेतली. आज संगणकावर आकाश काळें करणारा आमचा भाचा त्याच परंपरेंतला आहे, मग त्यास तें ठाऊक असो वा नसो.

आणि त्या खोऱ्यांतील एकांत? तो तर मुळींच नैसर्गिक नाहीं. अठराव्या शतकांत या मुलखाची मुख्य पेंव म्हणजे हीं गुरेंच होतीं. उन्हाळ्यांत बायकामुलें गुरें घेऊन डोंगरावरील कुरणांत जात व तेथें झोंपड्यांत राहून लोणी व चीज करीत. वसुलीचा पैसा गुरें विकून येई. १७०७ सालीं स्कॉटलंड व इंग्लंड यांचें एकीकरण झाल्यावर दक्षिणेकडे गुरांचा व्यापार फोफावला. स्काय बेटावरचीं गुरें, एकाच्या शेपटीस दुसऱ्याचा जबडा बांधून, काइल री नांवाच्या चिंचोळ्या खाडींतून पोहवीत मुख्य भूमीवर आणीत. तेथून आठवडेच्या आठवडे डोंगर तुडवीत तीं क्रीफच्या व पुढें फॉल्कर्कच्या बाजारास जात. रस्ते कठीण लागले कीं, आपल्याकडे बैलांना पत्र्या मारतात तशाच त्यांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारीत. हा सर्व मुलूख माणसांच्या हांकांनीं व गुरांच्या हंबरण्यानें भरलेला असे.

पुढें जमीनदारांस मेंढ्यांत अधिक पैसा दिसूं लागला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत खोऱ्यामागून खोरीं रिकामीं करण्यांत आलीं. सदरलंड परगण्यांतील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांतून १८१४ व १८१९ सालीं कुळांस हुसकून लावण्यांत आलें व घरें पेटवून देण्यांत आलीं. माणसें समुद्रकांठच्या खडकाळ तुकड्यांवर गेलीं, कांहीं कॅनडास गेलीं. त्यांचीं गुरेंही खोऱ्यांतून गेलीं व तेथें मेंढ्या आल्या. रेल्वे आल्यावर गुराख्यांच्या त्या लांब वाटाही ओस पडल्या. लँडसीअरचें चित्र लोकांपुढें आलें तें याच उलथापालथीच्या अखेरीस. म्हणजे जो एकांत आज आपणांस गंभीर वाटतो तो पुष्कळ ठिकाणीं हुसकावलेल्या कुटुंबांचा एकांत आहे. त्यांत एकटी गाय उभी करून वर काळें आकाश ओढणें म्हणजे ज्या दुःखाची विचारपूस केली नाहीं त्याच्या छायेची शोभा करणें होय. भाच्याच्या एका चित्रांत डाव्या कोपऱ्यांत दगडांची पडकी भिंत आहे. ती एखाद्या घराची असेल, किंवा गुरांच्या वाड्याची. त्यानें तो कोपरा इतका गडद केला आहे कीं ती शोधूनच काढावी लागते. ती भिंत उजळ असती तर आम्हीं त्या चित्रास प्रथम क्रमांक दिला असता.

आतां बारावें चित्र. भाच्यानें त्याच्या पाठीमागें 'फारसें जमलें नाहीं' असें पेन्सिलीनें लिहून ठेवलें आहे. फेब्रुवारी महिन्यांतला, गारठ्याचा दिवस दिसतो. तारेच्या कुंपणापलीकडे एक काळी गाय गुडघाभर चिखलांत उभी आहे. पुढ्यांत लोखंडी कठड्यांत वाळलें गवत टाकलेलें. पावसानें तिच्या केंसांच्या बटा दोरखंडाप्रमाणें लोंबत आहेत. उजव्या बाजूस रबरी बूट घातलेली एक बाई पाठमोरी होऊन पोतें झटकीत आहे. तिचें डोकें चौकटीनें अर्धें कापलें आहे. गाईचें एक शिंगही कापलें गेलें आहे. तिची पाठ मागील डोंगरांत मिसळली आहे, इतकी कीं पाठ कोठें संपते व डोंगर कोठें सुरू होतो तें पटकन् कळत नाहीं. आणि दोन्ही कानांत बिल्ले स्पष्ट दिसतात. काळ्या केंसांत दोन उजळ चौकोन.

चित्ररचनेच्या शास्त्राप्रमाणें यांत दोष आहेत व ते आम्ही झांकणार नाहीं. शिंग कापणें हा दोषच. बाईचें डोकें अर्धें राहणें हाही दोषच. यंत्र हातभर डावीकडे-उजवीकडे करून तो टाळतां आला असता. तथापि हें एकच चित्र असें आहे कीं ज्यांत ती गाय कोठें राहते, काय खाते, कोणाच्या हातून खाते, आणि तिच्या अंगावर एवढे केंस कशासाठीं आहेत, हें सर्व न सांगतां समजतें. सात मुखचित्रांतील केंस मखमलीसारखे शोभेचे आहेत. येथें ते पावसाशीं झगडत आहेत. पाठ डोंगरांत मिसळली हा भाच्यास दोष वाटला. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या जनावराचा त्या डोंगराशीं जो संबंध आहे तो येथें आपोआप दिसला आहे. काळ्या गाईचें हें चित्र रंगीत असतें तरी त्यांत फारसा फरक पडला नसता, असा आक्षेप कोणी घेईल. पण पडला असता. पिवळे बिल्ले व निळीं पोतीं यांनीं डोळा प्रथम ओढून घेतला असता. करड्या रंगानें येथें बिल्ला, बाई, गवत, चिखल व गाय या सर्वांस एका पंक्तीस बसविलें आहे. कृष्णधवल पद्धतीचें समर्थन करावयाचें तर तें अशा चित्रावरून करतां येईल.

काकांनीं हातांत धरून ठेवलेलें चित्र हेंच होतें.

अशी दृष्टि नवी आहे असें नव्हे. एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानांत काम करणाऱ्या रॉबर्ट मॉइज अॅडम यानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हायलंडचीं व बेटांचीं हजारों कृष्णधवल छायाचित्रें काढलीं. तीं आज सेंट अँड्रूज विद्यापीठांत जतन केलेलीं आहेत. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँड १९५४ सालीं साउथ यूइस्ट या बेटावर जाऊन राहिला, व त्यानें तेथें काढलेल्या चित्रांचें पुस्तक, बॅसिल डेव्हिडसनच्या लेखासह, १९६२ सालीं निघालें. त्याच सुमारास त्या बेटावर सरकारनें अग्निबाणांच्या चांचणीचें केंद्र घालण्याचें ठरविलें होतें, व तेथील जीवन त्यापुढें टिकेल कीं नाहीं अशी चिंता लोकांस लागली होती. स्ट्रँडच्या पुस्तकांत म्हातारे-कोतारे, मुलें, दारें, खिडक्या, दगड, शेवाळ व समुद्र हीं शेजारीं शेजारीं येतात. एकही मनुष्य तेथें शोभेसाठीं उभा नाहीं, आणि एकही दगड माणसांवांचून पोरका वाटत नाहीं. रंग नसल्यामुळें तेथें उदासी आलेली नाहीं. स्पष्टता आली आहे. कृष्णधवल म्हणजे आपोआप गंभीर, ही समजूत ज्यांची असेल त्यांनीं तें पुस्तक अवश्य पाहावें.

यावर कोणी म्हणेल कीं, भिंतीवर लावावयाच्या चित्रास एवढ्या इतिहासाचें ओझें कशाला? गाय सुंदर दिसते, मन प्रसन्न होतें, पुरे झालें. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. दिवसभर कामानें शिणलेल्या माणसानें घरीं येऊन चिखल पाहावा, असा आमचा आग्रह नाहीं. सात मुखचित्रांपैकीं एक वहिनींनीं मागून घेतलें आहे व तें आतां माजघराच्या भिंतीवर आहे. येतां-जातां आम्हांसही तें बरें वाटतें. परंतु ज्यानें परीक्षक म्हणून मत विचारलें, त्यास शोभा व सत्य यांतील अंतर सांगणें भाग आहे. शोभेचें चित्र काढणाऱ्यानें तें शोभेचें आहे असें म्हणावें. कोणी त्यास दोष देणार नाहीं. रंग काढून टाकला म्हणून तें अधिक खरें झालें असा दावा मात्र त्यानें करूं नये. रंग काढणें हें त्याग केल्यासारखें दिसतें, आणि त्यागापुढें मनुष्य सहज मान लववितो. म्हणून या दाव्याची अधिक काळजीपूर्वक तपासणी केली पाहिजे.

सारांश, जें वरून लादलें गेलें होतें तें काढून टाकण्यासाठीं छायाचित्रकारानें रंग सोडला असेल तर त्याचें अभिनंदन. प्रवाशांच्या बाजारानें त्या गाईस जो तांबडा झगा चढविला, तो उतरविण्यास हरकत नाहीं. पण झगा उतरवितांना कानांतला बिल्ला, कुंपणाची तार, पडकी भिंत व पोतें झटकणारी बाई हींही पुसलीं गेलीं, तर उतरविलें काय आणि ठेवलें काय?

हें सर्व आम्हीं भाच्यास थोडक्यांत कळविलें आहे. त्यास आमची सूचना अशी कीं, त्यानें पुढील हिंवाळ्यांत त्याच बाईच्या शेतावर पुन्हां जावें. या खेपेस तिची परवानगी घेऊन, तिचा चेहरा चौकटींत येईल असें उभें राहावें. आकाश जसें असेल तसें ठेवावें. आणि गाईचा रंग खरोखर कोणता होता तें चित्राच्या पाठीमागें लिहून ठेवावें. त्याचें उत्तर आलें आहे. तो थोडा रुसला आहेसें दिसतें. पण बिल्ले न पुसलेल्या मूळ प्रती अजून आपल्याजवळ आहेत, असें त्यानें शेवटीं लिहिलें आहे. त्या आम्हीं मागविल्या आहेत.